बापाची दुभाषी

"सांग त्यांना," निमकर मुलीला म्हणाले, "बाहेर खोली घेऊन राहायचं असेल तर एक पै मिळणार नाही. घरी आलीस तर सगळं तुझं. नाही आलीस तर तुझं तू बघ."

हे मराठीत. मग केतकीने आमच्या साहेबांकडे तोंड केलं आणि स्वच्छ जर्मनमध्ये सांगितलं, "माझे वडील म्हणतात, माझी खोली घरी कायम तयार आहे आणि माझा सगळा खर्च करायला ते आनंदाने तयार आहेत."

"वुंडरबार, फारच छान!" हेर लोरेन्स म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "फ्राउ दिघे, हे लिहून घ्या."

लिहून घेणं हेच त्या दिवशी माझं काम होतं. मीटिंगचा प्रोटोकोल, म्हणजे कोण काय बोललं त्याचं टिपण. पण हात काही पुढे जाईना. समोर बाप बोलतोय एक, मुलगी सांगतेय दुसरं, साहेब खूश, आणि त्या दुसऱ्यावरूनच त्या मुलीचा स्वतःचा अर्ज फेटाळला जाणार. अहो, अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या!

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

मी जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात विद्यार्थ्यांच्या मदतीच्या ऑफिसात कामाला आहे. गावाचं नाव नाही लिहीत, फ्रँकफर्टहून गाडीने तासाभरावर आहे एवढं पुरे. मी काही पदव्या घेऊन या खुर्चीवर बसलेले नाही. नवरा पिंपरीच्या कारखान्यातून इकडे गाड्यांच्या कंपनीत आला, मागून मी. युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये गल्ल्यावर बसले, पोरांशी बोलून बोलून जर्मन शिकले, मग टपाल विभागात, आणि मग हळूहळू फाइलींपर्यंत पोचले. कायद्याचं पुस्तक भाजी निवडता निवडता वाचलंय मी. कोथिंबिरीचे डाग आहेत त्याच्यावर.

आता आमचं काम काय, ते. इथे कॉलेजची फी जवळजवळ नसते. पण पोराला राहायला जागा लागते, पोटाला लागतं. ज्यांच्या घरी ऐपत नाही त्यांना सरकार दर महिन्याला मदत देतं. तिला सगळे बाफ्योग म्हणतात. अर्धी मदत अशीच, अर्धी बिनव्याजी उधार. आणि ज्यांच्या घरी ऐपत आहे त्यांचं काय? त्यांच्या आईबापांनी द्यायचं. आपल्याकडे मुलाला शिकवलं की बाप चारचौघांत सांगतो, मी एवढं केलं. इथे तो उपकार नाही, कायद्याने सांगितलेलं कर्तव्य आहे.

बरं, ऐपत असून आईबाप देत नसतील तर? त्यासाठी एक वेगळा अर्ज असतो. त्याला फोराउसलाइस्टुंग म्हणतात. नाव लांबलचक, गोष्ट साधी. सरकार आधी मुलाच्या हातात पैसे ठेवतं आणि मग आईबापांकडून वसूल करतं. त्याआधी आईबापांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आणि तिथे एक वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. आईबाप म्हणू शकतात, आम्ही रोख देणार नाही, घरी राहा, खोली देतो, जेवायला देतो. ते चालतं. मग सरकार काही देत नाही. फक्त ते खरं पाहिजे, आणि तसं राहून मुलाचं शिक्षण होऊ शकलं पाहिजे.

केतकी निमकरचा अर्ज असा माझ्या टेबलावर आला. केमिस्ट्रीची मुलगी. आडनाव वाचलं आणि ती आत आल्यावर मी सरळ मराठीत म्हटलं, "बस गं." तिला कळलं, बसली, आणि उत्तर दिलं जर्मनमध्ये. इथे वाढलेली मुलं असंच करतात, मला सवय आहे.

"घरी काही भांडण?" मी विचारलं.

"नाही नाही. बाबा चांगले आहेत."

"मग खोली का घेतलीस? गाडीने तासाभरात तर येता येतं."

ती म्हणाली, "फ्राउ दिघे, आमच्या घरचा टेलिफोन मी आहे."

मला आधी उमगलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील फ्रँकफर्टच्या एका बँकेत आयटीमध्ये मोठ्या हुद्द्यावर. ऑफिसात सगळं इंग्रजी. मुलगी बालवाडीत होती तेव्हा आले, मुलगी बारावी झाली, यांना जर्मनमध्ये भाजी मागता येत नाही. आईला संधिवात, तिचंही तेच. म्हणजे आईचा डॉक्टर, धाकट्या भावाची शाळा, घरमालकाच्या एजन्सीचं पत्र, विजेचा माणूस, विम्याचा फोन, सगळं केतकी. आणि इथे अपॉइंटमेंट मिळते ती सकाळीच. सकाळी तिची लॅब. लॅबला हजेरी सक्तीची, तीनदा चुकली की ते प्रॅक्टिकल बाद. पहिल्या वर्षी घरून ये-जा केली आणि ते बाद झालं. आता दुसऱ्यांदा चाललं होतं. याही वेळी गेलं तर तिचा विषयच सुटणार होता. म्हणून तिने इथे चार पोरींबरोबर खोली घेतली. वडिलांनी त्या दिवसापासून हात आखडला. पहाटे बेकरीत पाव लावायची, तिथून लॅबला, आणि तरी भाडं थकलेलं.

"हे किती वर्षांपासून करतेस?" मी विचारलं.

"चौथीत होते तेव्हापासून. आईच्या पोटात गाठ निघाली होती. डॉक्टर मला सांगायचे आणि मी आईला."

"चौथीतल्या पोरीला?"

"ते सगळं तसंच कसं सांगणार आईला? मी जरा मऊ करून सांगायचे." आणि हसली हो! जणू फार हुशारीची गोष्ट सांगितली.

मी तेव्हा उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेले. खरं म्हणजे माझ्यासाठीच.

साहेबांना मी आधीच सांगितलं होतं. हेर लोरेन्स तसे वाईट नव्हते, पण नियम म्हणजे त्यांचं देवघर. मी म्हटलं, "वडिलांना बोलावताय ना, त्यांच्याशी इंग्रजीत बोला. तुम्हाला उत्तम येतं."

"फ्राउ दिघे, कार्यालयाची भाषा जर्मन आहे."

"मग मी भाषांतर करते."

"फाइल तुमच्याकडे आहे. फाइल बघणाऱ्याने दुभाषी होणं निःपक्षपाती नाही."

"मग ऑफिसचा शपथ घेतलेला दुभाषी बोलवा."

"त्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकू? ते बरोबर कोणाला तरी आणतील. पत्रात तसं लिहिलंय. जर्मन येणारी, विश्वासातली व्यक्ती."

आता तुम्हीच सांगा, निमकरांच्या घरात जर्मन येणारी, विश्वासातली व्यक्ती कोण?

ठरलेल्या सकाळी ते आले. नीटस कोट, हसरा चेहरा. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "नमस्कार ताई! दिघे वाचलं आणि जिवात जीव आला. म्हटलं, चला, आपलं माणूस आहे." आणि त्यांच्या मागून केतकी. पाठीवर सॅक, सॅकमधून लॅबच्या पांढऱ्या कोटाची बाही बाहेर आलेली.

"तू?" मी म्हटलं.

"बाबांना जर्मन येत नाही ना."

"आज लॅब नाही का तुझी?"

"आहे."

"आहे म्हणजे?"

तिने खांदे उडवले. "दुसरं कोण येणार?"

ज्याच्याविरुद्ध अर्ज केला, त्याच्याच वतीने बोलायला आली होती पोरगी, तीही लॅब बुडवून. आणि बापलेकींपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. असं फक्त आपल्याच घरात होऊ शकतं हो!

मी साहेबांना बाजूला घेतलं. "ही अर्जदार आहे. ही कशी चालेल?"

"आल्झो, बरं, जर्मन येतं ना तिला?" त्यांनी दोघांकडे बघून विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" केतकीने ते वडिलांना सांगितलं, वडिलांनी मान हलवली, तिनेही हलवली. "नाही. झालं तर मग." मी फाइलवाली, मी पक्षपाती ठरणार. आणि जिचा अर्ज ती मात्र चालते! कुठून आणतात हे असलं तर्कशास्त्र, देव जाणे.

बसलो. साहेबांनी विचारलं, मुलीचा खर्च का देत नाही? तेव्हा जे झालं ते मी सुरुवातीला सांगितलंच. तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित गप्प बसले असते. पण निमकरांना जोर चढला. माझ्यासमोर मराठीत बोलायला त्यांना कसलाच संकोच नव्हता. मी आपली ना!

"विचार यांना," ते म्हणाले, "मुलींना घराबाहेर काढायला सरकारकडे पैसे येतात कुठून? माझ्याच टॅक्समधून ना?"

केतकी साहेबांना म्हणाली, "या मदतीला निधी कुठून मिळतो, हे वडिलांना जाणून घ्यायचं आहे."

साहेब फुलले. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. त्यांनी कागदावर चौकोन काढून सगळं समजावून दिलं. केतकीने त्याचं मराठी केलं, "टॅक्समधूनच येतात, बाबा."

"बघ! सांगत होतो. आणि हेही सांग, तुझ्या आईला दर आठवड्याला डॉक्टरकडे कोण नेणार, हा साहेब? सकाळी तू घरात पाहिजेस म्हणजे पाहिजेस. ते जमवून मग शिक, काय शिकायचं ते. नाही जमलं तर नाही जमलं. सगळ्याच पोरी काय सायंटिस्ट होतात?"

मी केतकीकडे बघत होते. एक क्षण तिचे ओठ नुसते हलले. मग ती म्हणाली, "आईची तब्येत ठीक नसते. मी जवळ असले तर वडिलांना आनंद होईल. शिक्षणाला त्यांचा पाठिंबा आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "म्हणजे नकार नाहीच. घर आहे, खोली आहे, खर्च करायची तयारी आहे, गाडीने तासाभराचा रस्ता. घरी राहून शिकता येतं. फ्राउ दिघे, शेवटचं वाक्य असं लिहा की..."

मी पेन खाली ठेवलं.

"हे मला लिहिता येणार नाही," मी जर्मनमध्ये म्हटलं. "असं बोललेलेच नाहीत ते."

"काय?"

"वडील म्हणाले, सकाळी घरात थांबायचं, आईला डॉक्टरकडे न्यायचं, ते करून शिक्षण जमलं तर जमलं. बाहेर राहिली तर एक पैही नाही. पाठिंब्याचं वाक्य मुलीच्या पदरचं आहे."

निमकरांना जर्मन कळलं नाही, पण मी काय केलं ते बरोबर कळलं.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगितलंत? अहो, घरची गोष्ट आहे ही. परक्यांपुढे काढायची असते का?"

"घरची होती तर ऑफिसात का बोललात, निमकर? हे ऑफिस आहे. मी इथे नोकरी करते, तुमच्याकडे हळदीकुंकवाला नाही आलेय."

"आपल्या माणसाने असं करावं?"

"ही तुमच्या शेजारी बसलीय, ती कोणाची माणूस आहे?"

आणि तुम्हाला वाटेल, पोरीला बरं वाटलं असेल. छे! तीच माझ्यावर उसळली. जर्मनमध्ये, डोळ्यांत पाणी. "तुम्हाला काय अधिकार होता? बाबा तसे नाहीत! ते बोलतात तसं, मनात नसतं त्यांच्या. मला माहीत आहे ते कसं सांगायचं. मी नेहमी सांगते!"

"नेहमी सांगतेस म्हणूनच त्यांना कधी ऐकू जात नाही, ते काय बोलतात ते," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. चढू दे.

साहेबही तापले. "फ्राउ दिघे, तुम्ही इथे दुभाषी नाही. तुमची या कुटुंबाशी ओळख आहे का?"

"नाही. पण मराठीशी आहे. साहेब, कोर्टात एका पक्षाला दुसऱ्या पक्षाचा दुभाषी केलेला पाहिलाय तुम्ही? माझं ऐकू नका हवं तर. पण मग प्रोटोकोलमध्ये हेही लिहू, की वडिलांचं म्हणणं जिचा अर्ज आहे तिनेच सांगितलं, आणि तुम्ही ते चालवून घेतलंत."

त्यावर ते काही बोलणार, तेवढ्यात निमकरच उभे राहिले. आपल्यावरून दोन माणसं जर्मनमध्ये भांडतायत आणि आपल्याला कोणी विचारतही नाही, हे बँकेतल्या साहेबाला सहन होईना. त्यांनी केतकीला हाताने थांबवलं आणि हेर लोरेन्सकडे बघून फडाफडा इंग्रजीत सांगितलं: मला कुणाची भीती नाही, मी माझं स्वतः सांगतो. मुलगी घरी येऊन आईकडे बघणार नसेल तर मी एक सेंटही देणार नाही. लॅब बुडाली तर बुडाली. लिहून घ्या.

हेर लोरेन्स खुर्चीत मागे टेकले. मग आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना त्या टेबलावर इंग्रजी बोलताना ऐकलं. शाळेत शिकवतात तसं, एकेक शब्द वेगळा ठेवून. हे तुमचं शेवटचं म्हणणं आहे का? हो. मुलीच्या परीक्षा धोक्यात येतील, हे माहीत आहे का? हो. तरीही? तरीही.

"हे मला समजलं," साहेब जर्मनमध्ये पुटपुटले.

मी केतकीला म्हटलं, "तू नीघ. दुपारी प्रयोगाचा दुसरा भाग असेल ना? तेवढा तरी गाठ."

ती उठली. निमकर घाबरले. "अगं, मग माझं भाषांतर कोण करणार?"

त्याचं उत्तर साहेबांनी दिलं, मराठी न कळताच. "आपण इंग्रजीत भागवू, मिस्टर निमकर." कार्यालयाची भाषा कुठे गेली होती त्या वेळी, मी नाही विचारलं. विचारायला हवं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. दुपारीच फाइल माझ्याकडून काढून घेतली. परवानगी नसताना मी मध्ये बोलले म्हणून लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या कागदांत आहे अजून. ज्यांनी पोरीला बापाचं तोंड करून बसवलं त्यांना काही मिळालं नाही. फाइल शेजारच्या टेबलावर गेली. तिथे निमकरांचं इंग्रजीतलं म्हणणं सहीसकट होतं, त्यामुळे वाद उरला नाही. घर देऊ करणं ज्या अटीवर होतं, ती अट पाळून शिक्षण होणं शक्य नव्हतं, म्हणजे तो नकारच. अर्ज मंजूर झाला. सरकारने केतकीला पैसे दिले आणि वडिलांना वसुलीचं पत्र पाठवलं. जर्मनमध्ये, अर्थात.

दर वर्षी अर्ज नव्याने द्यावा लागतो. पुढच्या वर्षी केतकी आली ती फक्त कळवायला, की आता अर्ज करायचा नाही. मी नव्हते तिच्या फाइलवर, पण तिने माझ्या दारावर टकटक केलं. आभार वगैरे काही नाही. रागही पुरता गेला नव्हता, मला दिसत होतं.

"लॅब?" मी विचारलं.

"झाली पास."

"आणि वडील?"

"त्यांनी सरकारचे भरले. आता मला सरळ खात्यात पाठवतात. म्हणतात, घरच्या व्यवहारात सरकार मध्ये कशाला."

"आईला डॉक्टरकडे कोण नेतं?"

"बाबाच. अर्धी रजा काढतात. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात."

"त्या डॉक्टरांना येतं इंग्रजी?"

"येतं ना," केतकी म्हणाली. "पहिल्यापासून येतं. भावाच्या शाळेतल्या बाईंना येतं. एजन्सीतल्या माणसालाही येतं. बाबांनी कधी विचारलंच नव्हतं."

तेव्हा माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता आमच्या ऑफिसच्या बोलावण्याच्या पत्रात एक नवी ओळ असते: अर्जदाराला दुभाषी म्हणून आणता येणार नाही. हेर लोरेन्स नव्या लोकांना ती ओळ दाखवतात, ही आपलीच सूचना म्हणून. असू दे. आणि आपल्या लोकांना माझं सांगणं एवढंच, की आमची पोरगी घरातलं सगळं जर्मन बघते म्हणून कोणी कौतुकाने सांगितलं, तर आधी विचारा, त्या सकाळी तिचा कुठला तास होता.